अप्पांचं खातं ओसरीवर गेलं

वडवणीच्या एसटी स्टँडावर उतरून बाजाराच्या गल्लीत वळलं, की टर्र्र्र असा आवाज येतो. नवखा माणूस दचकून गालावर हात ठेवतो. त्याला वाटतं, दाताचा दवाखाना जवळ आला. गावचा माणूस मात्र चालता चालता म्हणतो, "अप्पाचं चालू हाय." बसवराज अप्पा मेनकुदळे यांचं ते भांड्याचं दुकान, आणि तो आवाज भांड्यावर नावं घालायच्या मशीनचा. पेनासारखं हातात धरायचं, बटण दाबायचं, आणि तांब्यावर 'चि. सौ. कां.' पासून 'सप्रेम भेट' पर्यंत कोरत जायचं. अप्पांनी एक्केचाळीस वर्षं हेच केलं. त्या आवाजानं त्यांना थोडं कमी ऐकू येतं, पण तालुक्यातली सगळी नाती पाठ. कुणाच्या मामानं घागर दिली, कुणाच्या आत्यानं नुसती वाटी देऊन तिच्यावर ताटाएवढं नाव घालून घेतलं, हे तलाठ्याला माहीत नसतं, अप्पांना असतं.

त्यांचा एक नेम होता. एकदा घातलेलं नाव खोडायचं नाही. उपळीच्या एका मामानं भाचीच्या लग्नासाठी घागर घेतली, 'चि. सौ. कां. कौशल्या हिस' असं नाव घालून झालं, आणि तिकडं सोयरीक फिसकटली. मामा घागर घेऊन परत आला. म्हणाला, "अप्पा, एवढं नाव खोडा. धाकटीचं ठरलंय, तिचं घाला." अप्पांनी घागर मांडीवर घेतली, चारी अंगांनी फिरवली, आणि खाली कोरलं, 'व ते न जमल्याने चि. सौ. कां. विमल हिस'. मामानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घागर पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. पण विमलचा संसार चांगला झाला, अन् घागर अजून पाणी भरते.

ह्याच घागरीचा फोटो पुढं फिनलंडपर्यंत गेला. कसा गेला, ते सांगायचं तर योगीराज मास्तरांच्या घरी जावं लागतं.

योगीराज मास्तर आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवून रिटायर झालेले. रिकामा माणूस काय करील सांगता येत नाही. ह्यांनी एक जुना कॉम्प्युटर बायकोच्या, सुंदरबाईंच्या, सैपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून त्याचा सर्वर केला आणि नाव दिलं 'चावडी'. ते अप्पांना समजावून सांगायला आले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून अप्पा सापडले.

"मोठ्या कंपनीचं असतं त्यात एकच मालक, अप्पा. हितं तसं न्हाई. ज्याचं गाव त्याची चावडी. पण गावागावाला रस्ते जोडलेले. तुमी वडवणीत बोललात तर परमुलखातल्या चावडीवर बसलेल्याला ऐकू जातं."

"मला हितं समोरच्याचं ऐकू येत न्हाई, मास्तर."

"म्हणून तर. तिथं वाचायचं असतं."

तर अप्पांचं खातं उघडलं. रोज सकाळी एक भांडं, त्याच्यावरचं नाव, आणि खाली दोन ओळी, की हे कुणी कुणाला का दिलं. घागरीचा फोटो टाकला तेव्हा जगभरातले लोक येडे झाले. परमुलखातले लोक भाषांतर करून वाचायचे. फिनलंडच्या एका बाईनं विचारलं, पहिल्या मुलीचं पुढं काय झालं? अप्पांच्या बायकोनं, नीलम्मानं, त्याचं उत्तर एवढं लांब सांगितलं की ते अकरा तुकड्यांत टाकावं लागलं. बघता बघता अप्पांच्या मागं अकराशे त्रेसष्ट माणसं लागली.

पण अप्पा त्यातलं एकच माणूस मोजायचे. सकाळी फोटो टाकला की साडेसहाच्या सुमाराला त्याच्याखाली एक चांदणी उमटायची. आवडलं म्हणून देतात ती चांदणी. देणाऱ्याच्या नावापुढं माणसाचा चेहरा नव्हता, मेंढ्याचा होता. हे खातं चकलांब्याच्या धुळाजी कोकऱ्याचं. त्यानं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. नुसती चांदणी द्यायची, आणि मेंढरं सोडायची.

धुळाजी आणि अप्पा बीडला बोर्डिंगात एका ताटात जेवलेले. आणि नऊ वर्षं दोघांचा अबोला. कारण ऐकाल तर हसाल, पण त्यांच्यासमोर हसू नका. कोकऱ्यांच्या सात भावांनी मिळून नारायणगडाच्या यात्रेत सैपाकाला न्यायला एक मोठं पातेलं घेतलं आणि सातही नावं घालायला अप्पांकडं आणलं. अप्पांनी वडीलकीनं सुरुवात केली. थोरल्याच्या नावापुढं 'माजी सरपंच, माजी चेअरमन, सदस्य दक्षता समिती' अशी पदं लागली. दुसऱ्यानं थोरल्याहून एक पद जास्त सांगितलं. अशी पदं घेत घेत सहा भावांत पातेल्याची कड संपली. धाकट्या धुळाजीला जागाच राहिली नाही. अप्पांनी पातेलं पालथं केलं आणि त्याचं नाव तळाला घातलं, मोठ्या अक्षरात, एकट्याचं. अप्पांना वाटलं, मित्राला आपण सगळ्यांत ऐसपैस जागा दिली. यात्रेत पातेलं चुलाणावर चढलं, खाली लाकडं पेटली, आणि कुणीतरी म्हणालं, "धुळाजी, तुझं नाव जळायलंय बे." झालं. धुळाजी तिथूनच घरी गेला. त्यानं निरोप धाडला, "ज्यानं माझं नाव जाळावर ठेवलं, त्याचं तोंड बघणार न्हाई."

तोंड बघितलं नाही, पण भांडी रोज बघत होता. मागच्या सालात अप्पा हर्नियाच्या ऑपरेशनला बीडला गेलते, चार दिवस नवा फोटो नव्हता, तर त्या चार दिवसांत धुळाजीनं दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या फोटोंना चांदण्या दिल्या. अप्पा दवाखान्यातल्या खाटेवर फोन उघडून त्या मोजत बसायचे. नर्सबाईला वाटलं, पेशंटला ताप चढला.

असं चाललेलं असताना यंदाच्या चैत्रात योगीराज मास्तर दुकानात आले आणि तोंड पाडून स्टुलावर बसले.

"अप्पा, चावडी बंद होणार."

"कावून? पैसा कमी पडला?"

"पैसा न्हाई, प्लग. सैपाकघरात प्लग एकच हाय. सुंदरबाईनं फ्रीज घेतलाय. आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर येणार. म्हणती, घरात एक तर तुमचं गाव राहील न्हाई तर माझं लोणी."

"दुसरा प्लग बसवा की! तुमी वायरमनचे मास्तर!"

"तीस वर्षं बसवतो बसवतो म्हणतोय," मास्तर म्हणाले. "आता बसवला तर ती म्हणल, सर्वरसाठी बसवला, माझ्यासाठी न्हाई बसवला."

मास्तरांनी मग रीत सांगितली. एका सर्वरवरून उठून दुसऱ्यावर जाता येतं. लातूरला नीलम्माचा भाचा संगमेश, त्यानं 'ओसरी' नावाचा सर्वर काढलेला. तिथं नवं खातं उघडायचं. नव्या खात्यानं आधी म्हणायचं, की चावडीवरचा अमुक तो माझाच. मग जुन्या खात्यावरून 'हलवा' दाबायचं. मागची सगळी माणसं आपोआप नव्या खात्यामागं येतात. जुने फोटो मात्र येत नाहीत.

"सामान तिथंच आन माणसं इकडं?" नीलम्मा आतून म्हणाली. "ही कसली वो घर बदलायची तऱ्हा?"

अप्पांना ते लग्नासारखं वाटलं. आधी नव्या घरानं आपली म्हणायचं, मग जुन्या घरानं पाठवणी करायची. त्यांनी त्याच दुपारी पाठवणी उरकली. तासाभरात अकराशे त्रेसष्ट माणसं ओसरीवर हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्याची चांदणीही आली. अप्पा खूश. पण मास्तरांनी त्यावर पाणी ओतलं.

"धुळाजीचं खातं चावडीवरच हाय, अप्पा. आज तो तिथून तुमाला बघतोय. आखितीला मी वायर काढली की त्याची चावडीच राहणार न्हाई. मग धुळाजी कुठून बघणार?"

"तुमी सूचना लावली असंल की."

"लावलीय की. तो तुमच्या भांड्यांशिवाय काय उघडतच न्हाई. फोन करतो मी त्याला."

"नगं!" अप्पा एवढ्यानं ओरडले की मशीन हातातून सुटलं. "तुमी सांगितलं तर त्याला वाटल, मीच माणूस घातला. मग माघार माझी झाली."

अबोल्याचे कायदे कोर्टापेक्षा कडक असतात. निरोप धाडायचा नाही, मध्यस्थ घालायचा नाही, वाटेत दिसला तर आकाशाकडं बघायचं. पण कायद्यात एक वाट मोकळी ठेवलेली असते. बोलणं बंद असलं तरी आहेर बंद नसतो. धुळाजीच्या नातीचं, अंजूचं, लग्न आखितीच्या आधी आठ दिवसांवर होतं, आणि तिची पत्रिका अप्पांना आली होती. म्हणजे अप्पांना नाही. पाकिटावर लिहिलेलं, 'मेनकुदळे भांडी भांडार, सहपरिवार'. धुळाजीनं दुकानाला बोलावलं होतं.

तर दुकानानं आहेर करायचा ठरवला. अप्पांनी अठरा इंची परात काढली, चश्मा पुसला, आणि दोन दिवस टर्र्र्र चालू ठेवलं. काठावर नेहमीचं, 'चि. सौ. कां. अंजू हिस शुभविवाहानिमित्त'. आणि आत, जिथं कणीक मळतात तिथं, पाच पायऱ्या. पायरी पहिली, लातूरच्या ओसरीवर नवे खाते उघडणे. पायरी दुसरी, नव्या खात्यात जुन्या खात्याचे नाव लिहून ते आपलेच असल्याचे सांगणे. पायरी तिसरी, चावडीवर जाऊन नव्या खात्याचा पत्ता टाकणे. पायरी चौथी, पासवर्ड टाकून हलवा दाबणे. पायरी पाचवी, हे सर्व आखितीच्या आत करणे. तिसऱ्या पायरीला नमुन्यादाखल एक पत्ता लिहावा म्हणून अप्पांनी, दुसरा कुठला पाठ नव्हता, आपलाच लिहिला.

नीलम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. "आवो, त्या पोरीनं ह्याच्यात भाकरी कराव्या का परीक्षा द्यावी?"

चकलांब्याला मांडवात गर्दी लई. नवरदेव अजून पारावर नाचत होता, म्हणून माईकवाल्या गहिनीनाथानं वेळ काढायला आहेर पुकारायला घेतले. गहिनीनाथाचा गळा मोठा, आणि समोर जे लिहिलेलं असेल ते शेवटपर्यंत वाचायचं हा त्याचा स्वभाव. "वडवणीचे मेनकुदळे भांडी भांडार यांच्याकडून परात एक," असं म्हणून त्यानं परात उन्हाकडं धरली आणि लांबवलं, "पायरी पहिलीऽऽ, लातूरच्या ओसरीवर नवे खाते उघडणेऽऽ." तो थांबला, तशा मागच्या बायकांनी अक्षता टाकल्या. त्यांना वाटलं, मंगलाष्टक सुरू झालं. "पायरी दुसरीऽऽ." पुन्हा अक्षता. पाचव्या पायरीला बँडवाल्यानं ताशा बडवला, आणि पारावरचा नवरदेव घोडं सोडून पळत आला, आपल्यावाचूनच लागलं काय म्हणून.

अप्पा तिसऱ्या रांगेत घाम पुसत बघत होते. एवढ्या गदारोळात धुळाजी कुठं? धुळाजी वेशीवर व्याह्यांच्या बैलगाडीचं चाक काढत होता, ते गटारीत अडकलेलं. त्यानं एक पायरीही ऐकली नाही. आणि संध्याकाळी नवरी सासरी गेली, तिच्या रुखवतासंगं परातही गेली.

वडवणीला परत येताना अप्पा गाडीत खिडकीशी बसले. नीलम्मा म्हणाली, "सरळ एक फोन लावला असता तर?" अप्पांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

पण गावात गोष्ट राहत नाही. दोनतीन दिवसांत कुणीतरी धुळाजीला विचारलं, तुमच्या मांडवात त्या पायऱ्या कसल्या वाचल्या? आखितीला चावडीची वायर निघणार, हे त्याच्या कानावर गेलं. त्यानं नातीला सासरी फोन लावला, की परातीवर काय लिहिलंय ते वाच. ही सगळी हकीकत अप्पांना नंतर कळली. अंजू म्हणाली, "आबा, मी कणीक मळायलेय. पयल्या दोन पायऱ्या कणकीखाली हायत. तिसरीपासून वाचू का?" पलीकडं सासूबाई उभ्या. नवी नवरी, मळलेली कणीक उचलून ठेवा म्हणायची सोय नाही. धुळाजी म्हणाला, "वाच तिसरीपासून. पयल्या दोन काय, गणपतीबिणपती असतील."

आखितीच्या आदल्या दिवशी अकराच्या गाडीनं धुळाजी वडवणीत उतरला. दोन गाड्या बदलून आलेला, खांद्यावर घोंगडी, मिशा वर. अप्पा एका कळशीवर वाकले होते. मशीन थांबलं. धुळाजीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तो लटकवलेल्या झाऱ्यांकडं बघत बोलला.

"नीलम्मावैनी, दुकानदाराला विचारा, हे काय आरंभलंय."

"मी पोस्टमन न्हाई," नीलम्मा म्हणाली. "चहा टाकते. तोवर तुमचं तुमी बघा."

ती आत गेली. आता मध्ये झारे उरले. धुळाजीनं फोन काउंटरवर आपटला. मास्तरांनी चावडीची सगळी बोली आपल्या हातानं वडवणीच्या मराठीत केलेली, त्यामुळं पडद्यावर लाल अक्षरात लिहिलेलं होतं: 'समोरच्या खात्यानं तुम्हाला अजून आपलं म्हटलेलं न्हाई. आधी म्हणायला लावा.'

अप्पांनी वाचलं. चश्मा काढून पुन्हा वाचलं. धुळाजीचा आवाज चढला.

"इतकी वर्षं रोज सकाळी बघतोय मी! मेंढरं खोळंबतात माझी! आन हे म्हणतंय तुमी मला ओळखत न्हाईत! बसू, एवढा माजलास का बे?"

'बसू' म्हणून हाक ऐकून अप्पांच्या हातातली कळशी खाली गेली. बोर्डिंगानंतर हे नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडात नव्हतं.

"आरं येड्या, तो माझा पत्ता होता! नमुन्याचा! तू माझ्याच खात्यात हलायला निघालास. तुला तुझं नवं उघडायचं होतं. पयली पायरी वाचली न्हाईस का?"

"पयलीवर कणीक हाय!"

अप्पांना त्याचा अर्थ लागला नाही, पण विचारायला वेळ नव्हता. त्यांनी लातूरला संगमेशला फोन लावला. नवं खातं मंजूर करायचं त्याच्या हातात. तो एका हळदीत बसलेला. मागं हलगी वाजत होती. "संध्याकाळी करतो, मामा!" एवढंच ऐकू आलं. तेवढ्यात योगीराज मास्तरांचा फोन.

"अप्पा, घात झाला. फ्रीज आजच आला. टेंपो दारात हाय. सुंदरबाई वायरीपाशी उभी हाय!"

"थांबवा त्यांना, मास्तर! धुळाजी अजून आतच हाय!"

फोन उघडाच राहिला. त्यातून मास्तरांचं ओरडणं ऐकू येत होतं, "ठेवा खाली फ्रीज! एक माणूस निघतोय अजून!" हमालांनी विचारलं, कुठला माणूस? "चकलांब्याचा!" मास्तर म्हणाले. हमालांनी सैपाकघरात, फळीवर, पत्र्याच्या डब्यांमागं सगळीकडं बघितलं असणार, कारण डबे पडल्याचा आवाज आला.

अप्पा म्हणाले, "आता एकच वाट हाय. माझ्यातच ये."

"तुझ्यात? आन माझं नाव?"

"नाव मी लिहितो. जुनं खातं म्हणून. तुझ्यासमोर लिहितो." अप्पांनी आपल्या फोनवर तो रकाना उघडला, तिथं त्यांचं एकट्याचं चावडीचं नाव होतं. त्याच्या खाली धुळाजीचं घालायला घेतलं.

"थांब," धुळाजी काउंटरवरून वाकला. "कुठं घालायलास?"

"दोनच नावं हायत बाबा! वर एक, खाली एक!"

"वर घाल."

अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव खोडलं, वर धुळाजीचं लिहिलं, खाली आपलं पुन्हा घातलं. तिकडून सुंदरबाईंचा आवाज, "मी पाचपर्यंत मोजती!" धुळाजीनं घोंगडी डोक्यावरून घेतली, पासवर्ड कुणाला दिसू नये म्हणून, आणि आत काहीतरी दाबलं. घोंगडी बराच वेळ हलत होती. मग फोनमधून मास्तर म्हणाले, "गेला! गेला! काढ गं वायर!" आणि पाठोपाठ फ्रीजची घुर्रर्र सुरू झाली.

धुळाजी घोंगडीतून बाहेर आला. घामाघूम. त्याच्या मागं लागलेली चौदा माणसं आता अप्पांमागं आली होती. एक अक्षर न लिहिणाऱ्या मेंढ्यामागं चौदा माणसं कशाला लागली असतील, देव जाणे.

"आता मी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"माझ्या खात्यात."

"मग भांडं बघू कुठून?"

ह्याचा विचार कुणी केलाच नव्हता. नीलम्मा चहा घेऊन आली, तिनं कप ठेवले आणि म्हणाली, "बघायला फोन कशाला पायजे? भांडी काय तिथं हायत? ही काय पुढ्यात लटकायलीत."

तरी पण चकलांबा ते वडवणी रोज दोन गाड्या बदलून कोण येणार? शेवटी अप्पांनी आपला पासवर्ड धुळाजीला सांगितला. असं करू नये, हे मास्तर शंभरदा सांगून थकले होते. धुळाजी जेवला, वामकुक्षी केली, आणि चारच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी आखितीला अप्पांनी सकाळी कळशीचा फोटो टाकायला खातं उघडलं, तर तिथं आधीच एक फोटो. धुळाजीचा मेंढा, पिवळ्याधमक शिंगांचा, पहाटेच्या उजेडात. खाली फिनलंडच्या बाईचा प्रश्न, ह्याच्यावर कुणाचं नाव घातलंय आणि हा कुणी कुणाला दिला? अप्पा उत्तर लिहीत होते, की माफ करा, ही चूक झालीय. ते लिहून होईस्तोवर त्यांच्याच नावानं दुसरं उत्तर उमटलं, की ह्याच्यावर नाव नाही, हा कुणाला द्यायचा नाही, आणि ह्याच्यापुढं सोमवारी मेंढाच येईल.

अप्पांनी लगोलग चकलांब्याला फोन लावला. "सोमवार माझा हाय, बे! सोमवारी बाजाराच्या भांड्यांचे फोटो असतात!"

"मग मला कुठला वार?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, हातात तांब्या, नाव घालायला. त्यानं तांब्या काउंटरवर ठेवला, मग स्टूल ओढून बसला, मग नीलम्माकडून चहा घेऊन प्याला. अप्पा अजून बुधवारावर अडले होते.